निजलेल्यांच्या गावातून धावताना

दफनभूमीसाठी इंग्रजीत रूढ असलेला ‘सेमेटरी’ हा शब्द मूळचा ग्रीक. त्याचा मूळ अर्थ निजण्याची जागा, शयनस्थान असा होता. ख्रिस्ती समाजाने तो दफनभूमीसाठी योजिला. कारण मृत हे पुनरुत्थानाच्या दिवसापर्यंत केवळ निजलेले आहेत, अशी त्या धर्माची श्रद्धा. निजलेल्या माणसाच्या खोलीत कसे वागावे, हे कोणाला शिकवावे लागत नाही. पाऊल हलके टाकावे, आवाज खाली आणावा, दार हळू लोटावे. दफनभूमीतील शिष्टाचाराचा पाया असा त्या शब्दातच घातला गेला आहे. तथापि पाऊल नेमके किती हलके असावे आणि किती जलद, याविषयी युरोप-अमेरिकेच्या इतिहासात एकमत कधीच झाले नाही. कोठे थांबण्याची विनंती झाली, कोठे नाचावर बंदी आली, कोठे घोड्याच्या चालीचा नियम झाला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यायामासाठी धावणारा माणूस दफनभूमीच्या फाटकातून आत शिरला, तेव्हा तो जुनाच वाद नव्या पोशाखात पुढे आला.

मराठी वाचकाला हा वाद काहीसा परका वाटणे स्वाभाविक आहे. दहनाची रूढी असलेल्या घरांत स्मशानाशी संबंध येतो तो तिरडीसोबत. जाताना खांदेकऱ्यांच्या संथ पावलांशी पाऊल जुळवायचे, परतताना मागे वळून पाहायचे नाही आणि घरी येताच स्नान करायचे, अशी तेथील रीत. सहज फेरफटका मारण्याचे ते ठिकाण नव्हे. जेथे देह राखेत विरून नदीला मिळत नाही, तर नावाच्या शिळेखाली शतकानुशतके एका जागी राहतो, तेथे मात्र निराळा प्रश्न उपस्थित होतो. मृत ज्या भूमीत राहतात, तिच्यावर जिवंतांचा हक्क किती, हा तो प्रश्न होय.

प्राचीन रोमने त्याचे उत्तर रस्त्याच्या कडेला दिले. बारा पट्टिकांच्या कायद्याने नगराच्या आत दफन-दहनास मनाई केली होती. त्यामुळे थडगी नगराबाहेर पडणाऱ्या मार्गांच्या दुतर्फा उभी राहिली. इ. स. पूर्व ३१२ मध्ये बांधावयास घेतलेला आपियन मार्ग हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. तेथे मृतांना एकांत नव्हता आणि त्यांना तो नकोही असावा. कित्येक शिळांवरील लेख जाणाऱ्या-येणाऱ्याला ‘वाटसरा’ म्हणून हाक मारतात, क्षणभर थांबून नाव वाचण्याची विनंती करतात आणि नंतर सुखाने पुढे जाण्याची मोकळीकही देतात. काही लेखांत चक्क थट्टा आहे. मी पूर्वी नव्हतो, मग होतो, आता नाही आणि त्याची मला पर्वाही नाही, अशा आशयाचे एक सूत्र तर इतके लोकप्रिय झाले की त्याची आद्याक्षरेच कोरली जात. मृताने केलेला विनोद आणि वाटसरूने दाखवलेले सौजन्य यांची जोडी ही अशी जुनी आहे. रोमन थडग्याला गतीचे वावडे नव्हते. न वाचता निघून जाण्याचे मात्र होते.

ख्रिस्ती युरोपात मृत गावात परतले. चर्चभोवतीचे आवार हीच दफनभूमी झाली, आणि गावातील एकमेव मोकळी सार्वजनिक जागा बहुधा तीच असल्याने सारे गाव तेथेच जमू लागले. मध्ययुगीन आवारातील शांततेचे जे चित्र उत्तरकालीन काव्याने रंगविले, त्याला त्या काळातील निर्बंधच छेद देतात. कारण जे घडतच नाही, त्यावर कोणी बंदी घालीत नाही. १२३१ मध्ये फ्रान्समधील रूआँ येथील धर्मपरिषदेने दफनभूमीत व चर्चमध्ये नाचण्यास मनाई केली. इंग्लंडमध्ये १२८५ च्या विंचेस्टर कायद्याने चर्चच्या आवारात जत्रा व बाजार भरविण्यास बंदी घातली. पॅरिसच्या ‘इनोसंट्स’ दफनभूमीत तर पत्रलेखक पथारी मांडून बसत आणि निरक्षरांची पत्रे लिहून देत. चर्चच्या मनोऱ्याच्या भिंतीवर चेंडू हाताने मारण्याचा खेळ इंग्लंडच्या काही परगण्यांत पुढे दीर्घकाळ चालला. त्या काळच्या माणसाला कोणी दफनभूमीतून धावताना दिसला असता, तर चोर कोठे आहे, एवढेच त्याने विचारले असते.

या गजबजाटाचा शेवट श्रद्धेने केला नाही. तो दुर्गंधीने केला. वाढत्या नगरांतील आवारे प्रेतांनी भरून गेली. ‘इनोसंट्स’ १७८० मध्ये बंद करावी लागली. मृतांना नगराबाहेर, झाडांच्या सावलीत न्यावे हा विचार त्यापूर्वीच मांडला गेला होता, आणि त्याचा एक धागा भारतात येतो. नाटककार व वास्तुशिल्पी जॉन व्हॅनब्रू हा तरुणपणी, १६८३ ते १६८५ या काळात, ईस्ट इंडिया कंपनीच्या सुरत येथील वखारीत होता. १७११ मध्ये लंडनमधील नव्या चर्चच्या बांधणीचा विचार चालू असता त्याने सुचविले की, दफन चर्चमध्ये वा त्याच्या आवारात न करता नगराबाहेर, भिंतीने वेढलेल्या व वृक्ष लावलेल्या भूमीत करावे. आणि दाखला दिला तो सुरतेतील इंग्रजांच्या दफनभूमीचा. त्या दफनभूमीतील भव्य घुमटाकार वास्तूत ऑक्सेंडन बंधू चिरविश्रांती घेत आहेत. त्यांपैकी जॉर्ज ऑक्सेंडन हा १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली तेव्हा वखारीचा प्रमुख होता; आणि १६७४ मध्ये रायगडावरील राज्याभिषेकास कंपनीचा वकील म्हणून उपस्थित राहिलेला हेन्री ऑक्सेंडन त्याच घराण्यातील. मराठ्यांच्या इतिहासात परिचित असलेले हे नाव युरोपीय दफनभूमीच्या इतिहासातही असे अनपेक्षितपणे डोकावते.

व्हॅनब्रूची कल्पना त्याच्या देशात लगेच रुजली नाही. तिच्यासारखीच कल्पना १८०४ मध्ये पॅरिसच्या पेर लाशेझ येथे प्रत्यक्षात आली. प्रारंभी नागरिक तेथे आपली माणसे नेण्यास नाखूश होते. तेव्हा १८१७ मध्ये मोलिएर व ला फोंतेन यांचे, तसेच आबेलार व एलोईझ या प्रेमिकांचे मानले गेलेले अवशेष समारंभपूर्वक तेथे हलविण्यात आले. युक्ती फळास आली. पॅरिसकरांना मोलिएरच्या शेजारी जागा हवीशी वाटू लागली. विनोदी नाटककाराने मृत्यूनंतर दीडशे वर्षांनी दफनभूमीला गर्दी जमवून दिली, हा प्रसंग त्याच्याच एखाद्या प्रहसनात शोभला असता.

अमेरिकेने या कल्पनेला जी व्याप्ती दिली, तिच्यातून आजच्या वादाचा जन्म झाला. १८३१ मध्ये मॅसॅच्युसेट्स उद्यानविद्या संस्थेच्या पुढाकाराने बॉस्टनजवळ माउंट ऑबर्न ही ७२ एकरांची दफनभूमी स्थापन झाली. टेकड्या, तळी, वळणावळणाचे रस्ते आणि वृक्षांची नावे धारण केलेल्या वाटा असे तिचे रूप होते. फिलाडेल्फियाची लॉरेल हिल १८३६ मध्ये आणि ब्रुकलिनची ग्रीनवुड १८३८ मध्ये तिच्या पाठोपाठ आली. सार्वजनिक उद्याने तेव्हा नगरांत जवळजवळ नव्हतीच. म्हणून लोक सहलीसाठी दफनभूमीकडे वळले. उद्यानतज्ज्ञ अँड्र्यू जॅक्सन डाउनिंग याने १८४९ मध्ये नमूद केले की, आदल्या वर्षी एप्रिल ते डिसेंबर या अवधीत एकट्या लॉरेल हिलला सुमारे ३०,००० माणसांनी भेट दिली. मृतांच्या बागेसाठी लोक एवढे येतात, तर जिवंतांसाठी बाग का असू नये, असा त्याचा युक्तिवाद होता. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कची निर्मिती ज्या जनमतातून झाली, ते घडविण्यात या युक्तिवादाचा मोठा वाटा आहे.

गर्दीबरोबर नियम आले. माउंट ऑबर्नच्या विश्वस्तांनी रविवारचा प्रवेश केवळ कबरींच्या मालकांपुरता ठेवला; फुले तोडणे, खाद्यपदार्थ आणणे यांस मनाई केली; आणि गाडीचा घोडा पायी चालीपेक्षा जलद हाकू नये, असा दंडक घातला. या शेवटच्या नियमाचे महत्त्व वरवर दिसते त्याहून अधिक आहे. बग्गी दौडवीत येणारा तरुण कोणत्याही कबरीला धक्का लावीत नव्हता. तरीही त्याच्या वेगाला आक्षेप होता. कारण घोडा चालीवर असला म्हणजे गाडीतला माणूस आजूबाजूला पाहतो आणि दौडीत असला म्हणजे फक्त समोर पाहतो. नियम घोड्याला लावला होता, पण तो होता माणसाच्या नजरेसाठी.

सेंट्रल पार्कच्या आराखड्याची निवड १८५८ मध्ये झाली. जसजशी सार्वजनिक उद्याने वाढली, तसतशी सहलीची माणसे दफनभूमी सोडून तिकडे गेली. हसणे, खेळणे उद्यानाच्या वाट्याला आले आणि दफनभूमीकडे उरले ते केवळ गांभीर्य. आज ज्याला परंपरागत शांतता म्हणतात, ती बव्हंशी या वाटणीतून आलेली आहे. या शांततेची दुसरी बाजू मार्क ट्वेनने १८७० मध्ये ‘अ क्युरियस ड्रीम’ या कथेत उघड केली. तिच्यात सांगाडे आपापल्या शवपेट्या व शिळा पाठीवर घेऊन मध्यरात्री दफनभूमी सोडून चालले आहेत. कारण वंशजांनी त्यांची दखल घेणे सोडले आहे, कुंपणे मोडली आहेत आणि कबरींत पाणी झिरपते आहे. ही थट्टा मृतांची नव्हती. ती त्यांच्या सुखवस्तू नातवंडांची होती. दफनभूमीत सर्वांत मोठा असभ्यपणा कोणता, याचे ट्वेनचे उत्तर स्पष्ट आहे: तेथे कोणीच न येणे.

लंडनमध्ये याच सुमारास बंद पडलेल्या जुन्या आवारांचे काय करावे, हा प्रश्न होता. दाट वस्तीतील मुलांना खेळायला जागा नव्हती आणि कुलपे लावलेली आवारे ओस पडली होती. १८८४ च्या कायद्याने अशा जागी इमारती उभारण्यास बंदी आली. मोकळ्या जागांसंबंधीच्या कायद्यांनी ती आवारे उद्याने म्हणून खुली करण्याचा मार्ग दिला. इसाबेला होम्स या बाईंनी लंडनच्या दफनभूमींचा शोध घेत शहर पालथे घातले आणि १८९६ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. कायद्यात एक मौजेची तरतूद होती. धर्मविधीने पावन केलेल्या भूमीत खेळ खेळायचे असल्यास बिशपची अनुज्ञा आवश्यक होती. धर्माधिकाऱ्याने लपंडावाच्या मागणीचा गंभीरपणे विचार करावा, या कल्पनेवर हसू येते खरे. परंतु त्या तरतुदीत एक शहाणपणही होते. खेळ मुळातच निषिद्ध आहे, असे ती म्हणत नव्हती. खेळण्यापूर्वी कोणाला तरी विचारा, एवढेच ती म्हणत होती.

धावणाऱ्याचे आगमन यानंतरचे. ओरेगनचे प्रशिक्षक बिल बॉवरमन १९६२ च्या अखेरीस न्यूझीलंडला गेले. तेथे आर्थर लिडियार्ड यांच्या प्रेरणेने सामान्य, प्रौढ माणसे संथपणे मैलोन्मैल धावत असलेली त्यांनी पाहिली. बॉवरमन यांचे ‘जॉगिंग’ हे पुस्तक १९६७ मध्ये आले; १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये फ्रँक शॉर्टर यांनी मॅरेथॉन जिंकली आणि अमेरिकेत रस्तोरस्ती धावणारे दिसू लागले. मोटारींनी व्यापलेल्या नगरात त्यांना जी जागा हवी होती, ती शतकापूर्वीच तयार होती. डांबरी रस्ते, चढउतार, दाट सावली, तुरळक वाहने. घोड्याच्या चालीसाठी आखलेली वळणे धावपटूच्या पायाला नेमकी मानवली.

त्यावर दफनभूमींनी परस्परविरोधी उत्तरे दिली. ग्रीनवुडने धावण्यास मनाई केली. वॉशिंग्टनलगतच्या आर्लिंग्टन येथील १८६४ पासूनच्या लष्करी दफनभूमीतही व्यायामासाठी धावता येत नाही. तेथे कामाच्या दिवशी वीस-पंचवीसहून अधिक अंत्यविधी होतात. कोणत्याही वळणावर एखादे कुटुंब घडी केलेला ध्वज स्वीकारत असू शकते. या बंदीला उत्तर देणे अवघड आहे.

त्याच राजधानीत, पोटोमॅकच्या दुसऱ्या तीरावर, निराळा अनुभव आला. १८०७ मध्ये स्थापन झालेल्या काँग्रेशनल दफनभूमीत लोकप्रतिनिधींच्या स्मरणार्थ एकाच ठशाच्या ओबडधोबड चौकोनी शिळांच्या रांगा उभ्या होत्या. अशा शिळेखाली पुरले जाण्याच्या कल्पनेने मृत्यूच्या भयात नवी भर पडते, अशा आशयाचे उद्गार जॉर्ज हॉर या काँग्रेस-सदस्याने १८७६ मध्ये काढले आणि ती प्रथा थांबली. पुढे शंभर वर्षांत ही जागा ट्वेनच्या कथेसारखी झाली. गवत माजले, शिळा कलंडल्या; १९९७ मध्ये राष्ट्रीय वारसा-जतन संस्थेने देशातील सर्वाधिक धोक्यात असलेल्या स्थळांच्या यादीत तिचे नाव घातले. तिला सावरण्यात मोठा हातभार लावला तो शेजारच्या वस्तीतील, कुत्री फिरवणाऱ्या माणसांनी. वर्गणी काढून त्यांनी गवत कापविले. त्यांच्या वर्दळीने गैरकृत्ये करणाऱ्यांचा वावर कमी झाला. २०१३ मध्ये विषारी वेली खाण्यासाठी तेथे शेळ्यांचा कळप सोडण्यात आला. आणि शरद ऋतूत, भुतांच्या सणाच्या सुमारास, ‘डेड मॅन्स रन’ नावाची पाच किलोमीटरची शर्यत तेथे होऊ लागली. चित्रविचित्र वेषांतील धावपटू संगीतकार जॉन फिलिप सूसा आणि गुप्तचरप्रमुख जे. एडगर हूवर यांच्या कबरी असलेल्या त्या भूमीतून धावतात आणि त्यांचे प्रवेशशुल्क दफनभूमीच्या जतनाला लागते.

जेथे धावण्यास मुभा आहे, तेथे एक अलिखित संहिता तयार झाली आहे. रस्त्यावरून धावावे, हिरवळीवरून नव्हे. कारण जुन्या कबरींची माती आत खचते आणि प्रत्येक कबरीवर शिळा असतेच असे नाही. थडग्याला टेकून पायाचे स्नायू ताणू नयेत. अंत्ययात्रा दिसताच थांबावे, टोपी काढावी, किंवा दुसरी वाट धरावी. एकट्याने कबरीपाशी उभ्या असलेल्या माणसाजवळून जाताना चालीवर यावे. कानात संगीत लावू नये. लावल्यास मागून येणारी शववाहिका ऐकू येत नाही. बारकाईने पाहिल्यास यांतील बहुतेक नियम मृतांसाठी नसून शोकाकुल जिवंतांसाठी आहेत, हे ध्यानात येते. मृताला धावणाऱ्याच्या पावलांचा उपद्रव होत नाही. कालच मुलाला पुरून गेलेल्या आईला तो होऊ शकतो, आणि तिच्या दुःखापुढे दुसऱ्याच्या व्यायामाचा हक्क गौण ठरतो.

या धावण्याभोवतीचा विनोदही असाच मर्यादा राखून जगतो. इंग्रजीत ‘डेड’ या शब्दाने त्याला भरपूर सामग्री पुरविली आहे. शर्यतीत दोघे बरोबरीने आले तर ‘डेड हीट’, सर्वांच्या मागे राहिला तर ‘डेड लास्ट’. दफनभूमीतील शर्यतीत या शब्दांचा मोह आवरणे कोणालाही कठीण. मराठी माणूस अशा वेळी जीव तोडून धावतो, जीव मुठीत घेऊन पळतो. म्हणजे या गावात इतर कोणाजवळ नसलेली ती एक वस्तू घेऊनच तो निघतो. कोपनहेगनमध्ये तर भाषेनेच थट्टा केली आहे. १७६० मध्ये स्थापन झालेल्या तेथील असिस्टन्स दफनभूमीत लोक धावतात, उन्हात पहुडतात, मुलांना फिरवतात. आणि त्याच भूमीत तत्त्वज्ञ किर्केगोर आहे, ज्याच्या आडनावाचा डॅनिश भाषेतील अर्थच चर्चचे आवार असा होतो. या साऱ्या विनोदांचा रोख एकाच दिशेला असतो. धाप लागलेला, घामाघूम झालेला, मृत्यूपासून दूर पळत मृत्यूच्याच अंगणात गोल फेऱ्या घालणारा माणूस हा त्यांचा विषय. जो निजला आहे त्याला हे विनोद हसत नाहीत. हसतात ते त्याच्याकडेच येण्यासाठी निघालेल्याला.

तथापि शिष्टाचाराची ही सारी चर्चा एक गोष्ट गृहीत धरते: शिळा आहे, कुंपण आहे आणि आत कोण निजले आहे हे ठाऊक आहे. न्यूयॉर्कच्या इतिहासाने हे गृहीतच हादरविले. १६९७ मध्ये ट्रिनिटी चर्चने आपल्या आवारात आफ्रिकी लोकांच्या दफनास बंदी केली. ते आपले मृत नगराच्या सीमेबाहेर पुरू लागले. तेथेही त्यांना नियम लावले गेले: १७२२ मध्ये दफन दिवसाउजेडीच करावे असे ठरले आणि १७३१ मध्ये गुलामाच्या अंत्ययात्रेत बाराहून अधिक माणसे नसावीत असे. ही भूमी १७९४ च्या सुमारास बंद झाली, तिच्यावर भर पडली, इमारती चढल्या. जवळजवळ दोन शतके नगर तिच्यावरून चालत राहिले, धावत राहिले. १९९१ मध्ये ब्रॉडवेवर सरकारी कचेरीसाठी पाया खणताना अवशेष लागले. ४१९ देह बाहेर काढण्यात आले. एकूण सुमारे १५,००० माणसे तेथे पुरली गेली असावीत, असा अंदाज आहे. त्यांच्या वंशजांनी आवाज उठविल्यावर खोदकाम थांबले, २००३ मध्ये त्या देहांचे सन्मानाने पुनर्दफन झाले आणि २००६ मध्ये ती जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाली. ब्रॉडवेवरून घाईने कचेरी गाठणाऱ्या हजारोंपैकी कोणी असभ्य वर्तन केले, असे म्हणता येणार नाही. त्यांना माहीतच नव्हते. ती माहिती पुसून टाकणाऱ्या व्यवस्थेने मात्र जो अनादर केला, त्यापुढे एखाद्या धावपटूचे रंगीत बूट अगदीच क्षुल्लक ठरतात.

म्हणून दफनभूमीतील वेगाचा न्याय पायांवरून करता येत नाही. माउंट ऑबर्नच्या विश्वस्तांना घोडा चालीवर हवा होता, तो गाडीतल्या माणसाने पाहावे म्हणून. लंडनच्या कायद्याला खेळापूर्वी विचारणा हवी होती. रोमन शिळेने वाटसरूला घटकाभर अडविले, ते नाव वाचून घेण्यासाठी, आणि मग जाऊ दिले. काँग्रेशनल दफनभूमीतील धावणारा रोज त्याच वळणावरून जाता जाता काही नावे नकळत पाठ करतो, कलंडलेली शिळा दिसली तर फाटकावर सांगतो आणि शववाहिका येताना दिसली की रस्त्याच्या कडेला उभा राहतो. ती पुढे गेली, की तो पुन्हा धावू लागतो.